माघारीची वेळ कोण ठरवतो?

आपल्याकडे माघारीची वेळ घड्याळात असते. महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत ती ४ नोव्हेंबरला दुपारी तीनची होती. आदल्या रात्रीपासून बंडखोरांच्या दारात नेत्यांच्या गाड्या, फोनवर फोन, ‘पुढच्या वेळी नक्की बघू’ची आश्वासने, एखाद्या महामंडळाचे गाजर, आणि तीन वाजले की निवडणूक अधिकाऱ्याचे दार बंद. त्यानंतर मन बदलले तरी मतदान यंत्रावरचे नाव हलत नाही. अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, असे दारच नाही. हरलेल्याने कधी थांबायचे, हार कधी मानायची आणि जिंकलेल्याला पाठिंबा कधी द्यायचा, हे सांगणारा कायदा नाही की अधिकारी नाही. जे नियमात नसते ते माणसांच्या वागण्यात शोधावे लागते. त्या शोधातून राज्यशास्त्राची एक छोटी, भांडखोर आणि फार मनोरंजक शाखा उभी राहिली आहे. या शाखेत नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. पक्षाच्या शिकागोतल्या अधिवेशनात आत गोंधळ आणि बाहेर लाठीमार झाला. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवार खऱ्या अर्थाने राज्याराज्यांतले मतदार निवडू लागले. त्याआधी हरणारा नेता अधिवेशनात आपल्या बाजूने मत देणारे प्रतिनिधी जिंकणाऱ्याकडे वळवायचा. सौदा बंद खोलीत, मोजक्या माणसांत व्हायचा. आता त्याच्या मागे लाखो मतदार असतात. त्यांनी वर्गणी दिलेली असते, घरोघर फिरून प्रचार केलेला असतो, शेजाऱ्याशी भांडणही केलेले असते. प्रतिनिधी एका रात्रीत वळतात, ही माणसे वळत नाहीत. या विषयातल्या बहुतेक वादांचे मूळ एवढ्यातच आहे.

नवख्या वाचकाने पहिली सावधगिरी शब्दांची बाळगावी. हरलेला उमेदवार ‘मी माघार घेतो’ असे सहसा म्हणत नाही. तो ‘मोहीम स्थगित करतो’ असे म्हणतो. हा नुसता अभिमान नव्हे. स्थगितीत मिळवलेले प्रतिनिधी हातात राहण्याची शक्यता असते, आणि देणी फेडण्यासाठी वर्गणीची पेटी फिरवत ठेवणेही सोपे जाते. हिलरी क्लिंटन यांच्या डोक्यावर २००८ च्या जूनमध्ये दोन कोटी डॉलरहून अधिक कर्ज होते. प्रचार थांबवणे, हार मानणे आणि पाठिंबा देणे या तीन वेगळ्या कृती आहेत. त्या एकाच भाषणात उरकता येतात किंवा त्यांच्यात महिने जाऊ शकतात. जॉन मॅकेन २००० च्या मार्चमध्ये थांबले, पण बुश यांना पाठिंबा त्यांनी दिला मे महिन्यात, पिट्सबर्गमध्ये, आणि तोही कडू औषध गिळावे तसा.

क्लिंटन यांचे २००८ च्या जूनमधले चार दिवस मात्र सावकाश पाहण्यासारखे आहेत. ३ जूनला शेवटच्या दोन प्रायमरी झाल्या. साउथ डकोटा क्लिंटन यांनी जिंकले, माँटाना ओबामांनी. त्याच रात्री ओबामांकडे आवश्यक तेवढे प्रतिनिधी झाले. वाहिन्यांवर ती बातमी चालू असताना न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजात क्लिंटन समर्थकांसमोर उभ्या राहिल्या आणि आज काही निर्णय घेणार नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी टीकेचा भडिमार झाला. त्यांच्याच बाजूच्या खासदारांनी आता पुरे, असा निरोप दिला. ७ जूनला वॉशिंग्टनच्या नॅशनल बिल्डिंग म्युझियममध्ये त्यांनी मोहीम स्थगित केली आणि ओबामांना निःसंदिग्ध पाठिंबा दिला. ओबामांचे नाव आले तेव्हा टाळ्यांबरोबर नाराजीचा सूरही उमटला. पण त्या भाषणात एक हिशेब होता: सर्वोच्च काचेचे छत फुटले नसले तरी त्याला एक कोटी ऐंशी लाख तडे गेले आहेत. हा आकडा म्हणजे त्यांना मिळालेली मते. आधी प्रत्येक मताची पावती दिली, मग ते मत दुसऱ्याला द्या म्हणून सांगितले.

२७ जूनला दोघे न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या गावात एकत्र आले. नावाचा अर्थ एकी, हे तर झालेच; पण जानेवारीच्या प्रायमरीत या गावाने दोघांना नेमकी प्रत्येकी १०७ मते दिली होती. असा योगायोग कादंबरीत आला असता तर संपादकाने खोडला असता.

उलट टोकाचे उदाहरण १९८० चे. एडवर्ड केनेडी पदावर असलेल्या जिमी कार्टर यांच्याविरुद्ध लढले, प्रतिनिधींच्या गणितात स्पष्ट हरले, तरी न्यूयॉर्कच्या अधिवेशनापर्यंत थांबले नाहीत. प्रतिनिधींना बंधनातून मोकळे करा ही त्यांची मागणी फेटाळली गेली तेव्हाच त्यांनी नाव मागे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी असे भाषण केले की सभागृह त्यांचेच होऊन गेले. शेवटच्या रात्री, १४ ऑगस्टला, ते उशिरा व्यासपीठावर आले. कार्टर यांना हवे होते ते छायाचित्र: दोघांचे हात एकमेकांत, उंच उचललेले. केनेडींनी हस्तांदोलन केले, इतरांशीही केले, व्यासपीठावर इकडेतिकडे फिरले. हात काही उंच गेले नाहीत. कार्टर त्यांच्या मागे मागे फिरताना सगळ्या देशाने पाहिले. त्याच रात्री कार्टर यांनी भाषणात हम्फ्रींचे नाव चुकवून त्यांना एका कादंबरीतला नाविक करून टाकले. पण लोकांच्या लक्षात राहिला तो न उचललेला हात.

नोव्हेंबरमध्ये कार्टर रीगन यांच्याकडून दणकून हरले. मग केनेडींनी त्यांना हरवले काय? इथेच हा विषय गप्पांच्या पलीकडे जातो. १९७६ मध्ये रीगन पदावर असलेल्या फोर्ड यांच्याविरुद्ध कॅन्सस सिटीच्या अधिवेशनापर्यंत लढले, १,१८७ विरुद्ध १,०७० असे थोडक्यात हरले, आणि त्या वर्षी फोर्डही पडले. केनी आणि राइस या अभ्यासकांनी १९८७ मध्ये आकडे मांडून दाखवले की पक्षात फूट पडली तर नोव्हेंबरात मते घटतात. पटण्यासारखेच आहे. पण १९९८ मध्ये लॉना ॲटकेसन यांनी उलटा प्रश्न विचारला: ज्या अध्यक्षाची लोकप्रियता आधीच घसरली आहे, ज्याच्या काळात महागाई भडकली आहे, त्याच्याविरुद्धच पक्षातून कोणी उभे राहत नाही काय? या गोष्टी हिशेबात घेतल्यावर फुटीचा परिणाम बराच विरला. ताप आला म्हणून थर्मामीटरवर खापर फोडू नये, असा हा युक्तिवाद. मला तो पटतो, पूर्णपणे नाही. थर्मामीटर कधी कधी रुग्णाच्या तोंडातच फुटतो.

मतदार रुसतो तो रागाने की विचाराने, हा पुढचा वाद. २००८ च्या नाराज क्लिंटन-समर्थकांवर हेंडरसन, हिलिगस आणि टॉम्पसन यांनी २०१० मध्ये लेख लिहिला. द्राक्षे आंबट म्हणून तोंड फिरवण्यापेक्षा इराक युद्धासारख्या धोरणांवरचे मतभेद अधिक प्रभावी होते, असे त्यांना आढळले. २०१६ मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध लढलेल्या सँडर्स यांच्या प्रायमरी-मतदारांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी नोव्हेंबरात ट्रम्प यांना मत दिल्याचे एका मोठ्या सर्वेक्षणात दिसले. हा आकडा सँडर्स यांना दोष देण्यासाठी अनेकदा फेकला जातो. त्या वर्षी क्लिंटन यांच्याकडे पुरेसे प्रतिनिधी झाल्याची बातमी ६ जूनची. सँडर्स यांनी पाठिंबा दिला १२ जुलैला. पण मधले पाच आठवडे ते रुसून बसले नव्हते. ताशी पंधरा डॉलर किमान वेतन पक्षाच्या जाहीरनाम्यात आले, महाविद्यालयीन शुल्कमाफीची योजना क्लिंटन यांनी मोठ्या प्रमाणात स्वीकारली. तरीही २५ जुलैला फिलाडेल्फियात त्यांनी स्वतःच्याच प्रतिनिधींना क्लिंटन यांना निवडून आणा म्हटले, तेव्हा त्यांची हुर्यो उडाली.

म्हणून माझे मत आताच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढे भांडता येईल. गणित संपले की थांबावे. पाठिंबा मात्र जिंकणाऱ्याला हवा असतो त्याहून थोडा उशिरा आणि आपल्या कार्यकर्त्यांना वाटते त्याहून बराच आधी द्यावा. मधला काळ वाटाघाटीसाठी असतो, सुतकासाठी नव्हे. ट्रम्प यांच्याकडून हरलेल्या टेड क्रूझ यांनी २०१६ मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनाच्या व्यासपीठावरून ‘विवेकाला पटेल तसे मत द्या’ म्हणून ट्रम्प-समर्थकांचा रोष ओढवला आणि सप्टेंबरात पाठिंबाही दिला. त्यात दोन्हीकडचे गेले.

राज्य किंवा काँग्रेसच्या जागांसाठीचे चित्र वेगळे आहे, कारण तिथे प्रायमरी बहुधा एका संध्याकाळी संपते. हरल्यावर दुसरीकडून उभे राहू नये म्हणून जवळपास सर्व राज्यांत कायदे आहेत. इंग्रजीत त्यांना जे नाव आहे त्याला आपला शब्द तयार आहे: रडीचा डाव. कनेटिकटमध्ये तसा कायदा नव्हता, म्हणून जो लिबरमन २००६ मध्ये प्रायमरी हरूनही स्वतंत्र लढले आणि जिंकले. इथे खरा प्रश्न निकालाआधी कोणी कोणासाठी बाजूला व्हावे हा असतो. ‘ही श्रीची इच्छा’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांना ओळखीचे असलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाची प्रायमरी हरले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या जागेसाठी नऊ जणांच्या प्रायमरीत सुमारे २८ टक्के मतांवर ते पहिले आले आणि नोव्हेंबरात काँग्रेसवर गेले. बाकीच्यांपैकी दोघे-तिघे वेळीच बाजूला झाले असते तर काय झाले असते, हा हिशेब आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या कार्यकर्त्याला शिकवावा लागत नाही.

वाचकाने सुरुवात मात्र रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांच्याविरुद्ध लढलेल्या निकी हेली यांच्यापासून करावी, असे सुचवतो. ६ मार्च २०२४ ला त्या थांबल्या. पाठिंबा दिला नाही, ट्रम्प यांनी तो मिळवावा म्हणाल्या. तरी मतपत्रिकांवर नाव राहिलेच होते. दोन महिन्यांनी, ७ मे रोजी, इंडियानातल्या रिपब्लिकन मतदारांपैकी पाचातल्या एकाहून अधिकांनी त्याच नावापुढे खूण केली. सभा नाही, जाहिरात नाही, उमेदवार घरी. ती मते नेमकी कोणाला होती, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.