रिझॉल्व्ह की केडेनलाइव्ह: एका रूढ सल्ल्याचे खंडन

लिनक्सवर व्हिडिओ एडिटिंग करायचे म्हटले की बहुतेक जाणकार एकच सल्ला देतात: डाव्हिंची रिझॉल्व्ह टाका, नाहीतर विंडोजवर परत जा, बाकीची सॉफ्टवेअरे हौशी लोकांसाठी. कर्जत-खालापूर पट्ट्यात या सल्ल्याला जास्तच वजन येते. चौकजवळ २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभा राहिला, ‘जोधा अकबर’चा किल्ला तिथे उभारला गेला आणि सिनेमाचा कारखाना इथल्या माणसांनी जवळून पाहिला. सिनेमावाले जे वापरतात तेच खरे साधन, ही समजूत अशा ठिकाणी सहज रुजते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला. चालू स्थितीतला लॅपटॉप भंगारात काढायचा नाही म्हणून जे लिनक्सकडे वळत आहेत, त्यांचे या सल्ल्याने नुकसान होते. म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. डाव्हिंची हे नाव रंगसंस्करणाच्या (कलर ग्रेडिंगच्या) महागड्या यंत्रांमुळे मोठे झाले. २००९ साली ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ते विकत घेतले आणि पुढे त्याची विनामूल्य आवृत्तीही दिली. तयार व्हिडिओवर ती शिक्का मारत नाही, मुदत घालत नाही, आणि रंगाच्या कामात मुक्त सॉफ्टवेअरपैकी कोणीही तिच्या जवळपास पोहोचत नाही. हे सगळे मी मान्य करतो.

पण काम कोणाचे आहे, हे आधी विचारायला हवे. समजा, कर्जतमधल्या एखाद्या शाळेला स्वातंत्र्यलढ्यातले हुतात्मा भाई कोतवाल यांच्यावर दहा मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. मुले त्यांच्या जन्मगावी माथेरानला जातील, २ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला सिद्धगडावर जातील, त्यांच्यासोबत हुतात्मा झालेल्या हिराजी पाटलांच्या गावी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपतील. चित्रण होणार मोबाइलवर, म्हणजे एच-२६४ किंवा एच-२६५ स्वरूपात, आवाज एएसीमध्ये. लिनक्सवरची विनामूल्य रिझॉल्व्ह नेमके हेच चित्रण उघडत नाही. परवान्याच्या कारणाने एच-२६४ आणि एच-२६५ची सोय २९५ डॉलरच्या स्टुडिओ आवृत्तीसाठी राखलेली आहे. यावर ‘आधी फाइल बदलून घ्या’ असे उत्तर मिळते. फाइल बदलता येते, एफएफएमपेग हे मुक्त साधन ते काम चोख करते. मात्र फुल एचडी चित्रण डीएनएक्सएचडी या एडिटिंगच्या स्वरूपात, सेकंदाला १८५ मेगाबिटच्या दर्जात नेले की मिनिटाला जवळजवळ १.४ जीबी जागा लागते. दोन तासांच्या मुलाखती म्हणजे सुमारे १६५ जीबी. जुन्या लॅपटॉपची सगळी डिस्क एवढ्यातच भरते. शिवाय कंपनी स्वतःच लिनक्ससाठी ३२ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड मागते. म्हणजे सॉफ्टवेअरचे पैसे वाचले तरी यंत्राचे वाचत नाहीत, आणि ही गोष्ट सल्ला देणारा सांगत नाही.

आता मंडन. केडेनलाइव्ह हे मुक्त एडिटिंग सॉफ्टवेअर २००२ साली सुरू झाले आणि आज ते केडीई प्रकल्पाचा भाग आहे. त्याचा गाभा एमएलटी नावाच्या मुक्त इंजिनाचा. शॉटकट हे दुसरे मुक्त एडिटरही त्याच इंजिनावर चालते. फाइली उघडण्याचे काम एफएफएमपेगकडे असल्यामुळे मोबाइलचे चित्रण थेट टाइमलाइनवर येते. लॅपटॉप अडखळू लागला तर प्रॉक्सीची सोय आहे: सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी प्रत बनवते, कापाकापी तिच्यावर होते आणि शेवटचा व्हिडिओ मूळ चित्रणातूनच तयार होतो. मोबाइलच्या चित्रणात फ्रेमचा वेग मध्येच बदलतो. तशी फाइल आढळली की ती बदलून घेण्याची सूचना केडेनलाइव्ह करते. काही क्लिपा इथेही बदलाव्या लागतात, पण काही क्लिपा बदलणे आणि सगळेच चित्रण बदलणे यात फार अंतर आहे. शीर्षके मराठी युनिकोडमध्ये थेट टाइप होतात, जोडाक्षरे जुळतात.

‘केडेनलाइव्ह मध्येच बंद पडते’ हा आक्षेप एकेकाळी खरा होता. २०१९च्या १९.०४ आवृत्तीत टाइमलाइनचा कोड नव्याने लिहिला गेला आणि तेव्हापासून त्याची चाल बरीच स्थिर झाली. रिझॉल्व्हही बंद पडते. पण नावाला दबून तिथे आपण यंत्राला दोष देतो.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा टिकाऊपणाचा आहे. केडेनलाइव्हची प्रकल्पफाइल एक्सएमएल असते, म्हणजे साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते: कोणती क्लिप, कुठे कापली, कुठे जोडली. सोर्स खुला असल्याने उद्या मूळ चमू पांगला तरी दुसरे कोणी ते पुढे नेऊ शकते. बंद सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी त्याच्या अटी मालकाच्या हाती राहतात. लाइटवर्क्स या एडिटिंग सॉफ्टवेअरचेच पाहा: त्याचा सोर्स खुला करण्याची घोषणा २०१० साली झाली होती. तो आजवर खुला झालेला नाही, आणि त्याची विनामूल्य आवृत्ती ७२०पीच्या वर व्हिडिओ काढू देत नाही. कोतवालांना ज्यांनी पाहिले अशी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली असतील. कातकरी वाड्यांवरच्या वृद्धांची गाणीही त्यांच्याबरोबरच जाणार आहेत. असे चित्रण वीस वर्षांनीही उघडून नव्याने जुळवता आले पाहिजे. माझ्या मते निवडीची पहिली कसोटी हीच.

‘मुंबईत नोकरीला याचा उपयोग काय?’ असे पालक विचारतात. केरळमध्ये काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअर वापरते आणि ‘लिटल काइट्स’ मंडळांतली मुले केडेनलाइव्हवर एडिटिंग शिकतात. शॉट कुठे तोडायचा, आवाज आधी आणायचा की चित्र, शांतता किती ठेवायची, हे एकदा अंगवळणी पडले की दुसऱ्या सॉफ्टवेअरची बटणे शिकायला वेळ लागत नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही दिले आहेत. केरळने जे सरकारी पातळीवर केले ते रायगड जिल्ह्यातल्या शाळांना अशक्य नाही.

ज्याला रंगसंस्करणाचाच व्यवसाय करायचा आहे आणि तसे यंत्र घेण्याची ऐपत आहे, त्याने रिझॉल्व्ह जरूर शिकावे. बाकीच्यांनी, विशेषतः शाळा, वाचनालये आणि वाड्या-वस्त्यांवर काम करणाऱ्या संस्थांनी, केडेनलाइव्ह घ्यावे. मूळ चित्रण आणि प्रकल्पफाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, आणि येत्या २ जानेवारीच्या आत कामाला लागावे.