तीन शतांश सेकंदांचा फरक

ईसीजीचा कागद हातात आला की आपण 'नॉर्मल' हा शब्द शोधतो आणि कागद घडी घालून ठेवतो. पुढच्या वेळी वरच्या बाजूचे आकडे बघा. त्यात 'क्यूटीसी' नावाचा एक आकडा असतो. हृदयाचे खालचे कप्पे विजेने भारले गेल्यापासून पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी. नाडीच्या वेगाप्रमाणे तो दुरुस्त केला की क्यूटीसी. हा वेळ फार लांबला तर ठोक्यांचा ताल एकाएकी बिघडू शकतो. माणूस चक्कर येऊन पडतो. कधी उठतो, कधी नाही.

लायडनच्या विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजीचं नेमकं यंत्र घडवलं. 1920 साली हेन्री बॅझेट या इंग्रज शास्त्रज्ञाने क्यूटी आणि नाडी यांचं गणित मांडलं. त्यात त्याला दोन वेगळे गुणक घ्यावे लागले: पुरुषांसाठी 0.37, बायकांसाठी 0.40. मिनिटाला साठ ठोके धरले तर फरक तीन शतांश सेकंदांचा. म्हणजे बाई आणि पुरुषाच्या हृदयाची वीज सारखी चालत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच कागदावर आलं होतं.

गंमत अशी की लहान मुलामुलींत हा फरक जवळपास नसतो. वयात येताना मुलांचा क्यूटीसी आखडतो, मुलींचा साधारण तसाच राहतो. त्यामागे टेस्टोस्टेरॉनचा मोठा हात आहे. बायकांचं हृदय 'मंद' नाही. पुरुषांचं घड्याळ मध्येच पुढे सरकतं, इतकंच.

आता आनुवंशिकतेकडे. 1957 साली नॉर्वेत येरवेल आणि लांगे-नीलसन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी, त्यांना झटक्यासारख्या मूर्च्छा यायच्या, क्यूटी लांबलेला. त्यातली तिघं अचानक गेली. हा आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो.

इथे मला नॉर्वे सोडून आमच्या जतला यावं लागतं. आमचा तालुका कर्नाटकाला खेटून, भाषा मराठी आणि कानडी दोन्ही. मामाच्या मुलीशी लग्न इकडे नवलाचं नाही. माझ्याच घरात दोन पिढ्यांत अशी लग्नं झाली. मामे-आते भावंडांच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा सारखा असतो. एकच सदोष प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. प्रत्येक घरात तसं होतं असं मुळीच नाही, पण वाट तीच.

1995-96 मध्ये अमेरिकेत मार्क कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब क्यूटीमागची तीन महत्त्वाची जनुकं शोधली. पेशीतून पोटॅशियम किंवा सोडियम ये-जा करण्याची दारं ती घडवतात. यातलं एकही जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही. दोष मुलाला आणि मुलीला सारखाच येऊ शकतो, पण त्याचा हिशेब वेगळा चुकवावा लागतो. पहिल्या प्रकारात वयात येण्याआधी मुलग्यांना धोका जास्त. पुढे पारडं फिरतं आणि बायकांचा धोका वाढतो. दुसऱ्या प्रकारात बाळंतपणानंतरचे महिने विशेष जपायचे.

औषधांच्या बाबतीत तर हा फरक फार महागात पडला. 1993 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात हृदयाच्या औषधांनी ताल बिघडलेल्या 332 रुग्णांचा आढावा आला. त्यात 70 टक्के बायका होत्या. पुढच्या काही वर्षांत टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं आणि सिसाप्राइड हे पोटाचं औषध याच कारणाने अमेरिकेच्या बाजारातून गेलं. भारतात सिसाप्राइडवर बंदी आली 2011 मध्ये. ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये असणारं डॉमपेरिडोनसुद्धा क्यूटी लांबवू शकतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही. ज्या मुलीचा क्यूटी जन्मतःच लांब आहे, तिचं तसं नाही.

आणि ती मुलगी ओळखायची कशी? आमच्याकडे पोरगी पडली की उपास, अशक्तपणा, नाहीतर अंगात आलं, अशी कारणं तयार असतात. बऱ्याचदा ती खरीही असतात. पण पळताना, दचकल्यावर किंवा मोबाइलचा अलार्म एकदम वाजल्यावर शुद्ध गेली असेल, तर ईसीजी काढायलाच हवा. निदान झालं तर बीटा ब्लॉकर गटातली औषधं बहुतेकांना सांभाळून घेतात.

सोयरीक जुळवताना आम्ही देवक विचारतो, कुळी विचारतो, आज्याचं गाव विचारतो. डॉक्टरांपुढे मात्र 'चक्कर येते' एवढंच सांगतो. तिथेही घराण्याची एक गोष्ट सांगायला हवी: तरण्या वयात, धडधाकट असताना, आपल्यात कोण अचानक गेलं होतं?