ठाणे ते सोपारा: जॉर्डनसचं पत्र वाचताना

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने परवा फोनवर विचारलं, "दादा, साधन एकच असेल आणि तेही एका बाजूचं, तर विषय सोडून द्यायचा का?" खोडाळ्यात पावसात रेंज येते-जाते, त्यामुळे अर्धंच उत्तर देता आलं. उरलेलं इथे लिहितो. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेतो, म्हणजे नकाशा शोधत बसावं लागणार नाही.

सोपारा. आजचं नालासोपारा, लोकलच्या गर्दीचं. पण हे शूर्पारक. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथे सापडला आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने धर्मशाळा बांधल्याची जी गावं कोरली आहेत त्यात भरुचबरोबर सोपाराही आहे. म्हणजे बंदरातला माल घाट चढून वर नाशिककडे यायचा. खोडाळ्याहून कसाऱ्याकडे उतरताना थळ घाटाचा तो सगळा मुलूख समोर दिसतो, तेव्हा सोपारा मला कधीच परकं वाटत नाही.

या जुन्या शहरात १३२१ साली जॉर्डनस नावाचा एक डॉमिनिकन साधू आला. मूळचा दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेराकचा. इराणमार्गे चार फ्रान्सिस्कन साधूंबरोबर तो जहाजात बसला. सगळ्यांना दक्षिणेकडे जायचं होतं, पण जहाज ठाण्याला लागलं. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे सिरियाई परंपरेच्या ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती. हे पाहुणे त्यातल्याच एका घरी उतरले. (पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे. उत्तर कोकणातला ख्रिस्ती धर्म वसईच्या किल्ल्यापासून सुरू करणारे प्रबंध मी पाहिलेत.) ठाणं तेव्हा दिल्लीच्या सुलतानाकडे होतं. देवगिरीच्या यादवांचा शेवट होऊन तीनेक वर्षंच झाली होती.

जॉर्डनस तिथून सोपारामार्गे भरुचकडे गेला. तो मागे नसताना, एप्रिलमध्ये, ठाण्यात चारही फ्रान्सिस्कन मारले गेले. बातमी कळल्यावर तो परतला आणि एका जिनोआच्या तरुणाच्या मदतीने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला त्याने घोघ्याहून इराणमधल्या आपल्या धर्मबंधूंना पत्र लिहिलं. हे आपलं साधन.

आता पत्र कसं वाचायचं? बहुतेक जण आधी विचारतात, "हे खरं आहे का?" मी सांगेन, तो प्रश्न जरा मागे ठेवा. आधी बघा की पत्र कोणाला आहे आणि मागतंय काय. जॉर्डनस आकडे देतो: भरुचला सुमारे ९० जणांना बाप्तिस्मा, नंतर आणखी वीसेक, आणि ठाणे ते सोपारा या टापूत ३५. लगेच पुढे तीन जागा सुचवतो जिथे माणसं पाठवावीत. सोपाऱ्याला दोन, भरुचकडे दोन-तीन, आणि तिसरी जागा कोल्लम. म्हणजे ही मनुष्यबळाची मागणी आहे. आकडे मागणीला आधार म्हणून आलेत. म्हणून ते खोटे ठरतात का? मला नाही वाटत. फुगवायचेच असते तर ३५ कशाला लिहिले असते? पण हे ३५ कोण होते, याबद्दल पत्र आपल्याला हवं तितकं बोलत नाही. इथले ख्रिस्ती नीट शिकवण न मिळालेले आहेत, अशी त्याची समजूत होती. त्यामुळे यातले काही आधीपासूनच ख्रिस्ती असू शकतात. 'धर्मांतर' हा शब्द आराखड्यात लिहिण्याआधी इथे थांबा.

१३२४ च्या जानेवारीत त्याने ठाण्याहून दुसरं पत्र लिहिलं. अडीच वर्षं एकटा पडलेला, हाल सोसलेला माणूस त्यात दिसतो. वाचताना वाईट वाटतं. आणि मग तोच माणूस सुचवतो की पोपने या समुद्रात दोन लढाऊ गलबतं ठेवली तर केवढा फायदा होईल आणि इजिप्तच्या सुलतानाचं केवढं नुकसान! दुःख खरं आणि हिशेबही खरा. यातलं एकच उचलून लेख लिहिणारे दोन्ही बाजूंना भरपूर आहेत. तुम्ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात ठेवा.

ठाण्याच्या हत्येची तपशीलवार हकीगत मात्र दुसऱ्याकडून मिळते. पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन नंतर इथे आला, त्या चौघांच्या अस्थी उकरून चीनपर्यंत घेऊन गेला आणि १३३० साली पादुआत बसून त्याने सगळं सांगून लिहवलं. त्यात आगीत न जळणारा साधू वगैरे चमत्कार आहेत. पण मला अडकवलं ते सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांनी. यजमानाने बायकोला मारलं. सकाळी ती काझीकडे फिर्याद घेऊन गेली. काझीने पुरावा विचारला, तर ती म्हणाली, घरात चार फिरंगी साधू होते, त्यांनी पाहिलंय. साधूंना बोलावणं गेलं ते असं. मग चौकशी धर्माच्या वादाकडे वळली आणि ती बाई कथेतून गायब झाली. तिचं नावसुद्धा नाही.

माझ्या मते या वृत्तांतातला सगळ्यात भरवशाचा भाग हाच. संतकथेला त्याची काही गरज नव्हती, उलट हुतात्म्यांच्या गोष्टीत घरगुती भांडण अडचणीचंच. तरी ते राहिलं. म्हणजे १३२१ च्या ठाण्यात एक ख्रिस्ती बाई नवऱ्याविरुद्ध काझीकडे जाऊ शकत होती, तिला साक्षीदार विचारले जात होते, असा निदान एक धागा हाती लागतो. गाईडने "स्थानिक आवाज कुठेय?" विचारलं तर मी हेच दाखवतो.

शब्दांकडेही बघा. जॉर्डनसने पुढे 'मिराबिलिया' नावाचं वर्णन लिहिलं. १८६३ साली हेन्री यूलने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यात आंब्याला तो 'अनिबा' म्हणतो आणि फणसाला 'चक्वी'. आंबा हे आपल्याकडचं कानावर पडलेलं. चक्वी म्हणजे मात्र मल्याळममधलं चक्का. एकाच पुस्तकात दोन किनारे मिसळलेत. त्यामुळे त्यातलं कुठलंही वर्णन 'सोपाऱ्याचं' म्हणून उचलण्याआधी शब्द तपासा. मी पहिल्या मसुद्यात तपासले नव्हते. एक आख्खं पान कापावं लागलं.

१३२९ साली पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. सुचवलेल्या तीन जागांपैकी सोपाऱ्याचा क्रम पहिला होता. नेमणूक झाली ती तिसऱ्या जागेवर.