घाट, गिअर आणि दरबारी मोटारी

संस्थानी काळातल्या मोटारींविषयी आपल्याकडे बोलणे निघाले, की ते बहुधा रंगावर, चांदीच्या मुठींवर आणि शिकारीच्या दिव्यांवर येऊन थांबते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांत अशा आठवणींना तोटा नाही. बॉनेटखाली काय होते आणि तिथली शक्ती चाकांपर्यंत कशी पोचत होती, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. मला हा प्रश्न लहानपणी आमच्या वाड्यात बिऱ्हाड असलेल्या एका वृद्ध गृहस्थांमुळे पडला. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. घराणे मूळचे वाईकडचे, पण तीन पिढ्या माळव्यात गेलेल्या. तरुणपणी त्यांनी संस्थानच्या मोटारखान्यात उमेदवारी केली होती. ते म्हणत, "इंजिनाचं कौतुक धन्याला, गिअरचं दुखणं आम्हांला." या वाक्यात मोटारीच्या इतिहासाचा एक मोठा भाग आहे, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

आरंभ आपल्याच मुलखातून करता येतो. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारींची एक कसोटी झाली. सुमारे सहाशे मैलांची ही दौड सह्याद्रीच्या घाटांतून होती. तीत 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाची रोल्स-रॉइस कंपनीची चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या वर्गातली मोटार पहिली आली. पुढे हीच मोटार ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. ज्या जातीला जग आज 'सिल्व्हर घोस्ट' म्हणून ओळखते, त्यातलीच ही एक. तिचे इंजिन सहा सिलिंडरांचे, सुमारे सात लिटरांचे. शक्ती अवघी ४८ अश्वशक्तीच्या आसपास, आणि तीही मिनिटाला सव्वा हजार फेऱ्यांच्या सुमारास मिळणारी. आजच्या साध्या मोटारीचे इंजिनही याहून कितीतरी अधिक शक्ती देते. परंतु मोठ्या सिलिंडरांचे हे इंजिन अगदी मंद गतीतही न अडखळता, न धापा टाकता ओढत राही. श्रीमंती मोटारीचे लक्षण त्या काळी हेच मानले जाई.

या लक्षणाचा अर्थ थोडा उलगडून सांगितला पाहिजे. गिअरबॉक्स म्हणजे लहानमोठ्या दातेरी चाकांची पेटी. चढावर इंजिनाला अधिक फेऱ्या आणि चाकाला कमी फेऱ्या देऊन जोर वाढवायचा, सपाटीवर उलट करायचे, एवढेच तिचे काम. पण त्या काळची सरळ दात्यांची चाके खालच्या गिअरमध्ये किंचाळत, आणि गिअर बदलताना दात एकमेकांवर आपटले तर मागे बसलेल्या धनिकाच्या कपाळाला आठी पडे. म्हणून उत्तम मोटार तीच, जिचा गिअर बदलावाच लागत नाही! १९११ साली रोल्स-रॉइसने लंडन ते एडिंबरो आणि परत असा सारा प्रवास केवळ वरच्या गिअरमध्ये करून दाखवला. गॅलनला २४ मैलांहून अधिक पल्ला मिळाला आणि तीच मोटार ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी ७८ मैलांपर्यंत पोचली. असा प्रयोग प्रतिस्पर्धी नेपियर कंपनीने आधीच केलेला असल्याने यात ईर्ष्येचा भागही होता.

या अभिमानाची किंमत मात्र द्यावी लागली. सुरुवातीच्या चार गिअरांऐवजी कंपनीने १९०९ पासून तीनच गिअर ठेवले होते. इंजिन एवढे समर्थ असताना चौथ्याची गरज काय, असा हिशेब. १९१२ च्या ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वताच्या स्पर्धेत जेम्स रॅडली यांची मोटार काट्शबर्गच्या चढावर अडली. पहिला गिअरदेखील त्या चढाला पुरेसा खालचा नव्हता. प्रवासी उतरवल्यावरच ती पुढे गेली. कंपनीने हा अपमान मनाला लावून घेतला आणि १९१३ साली चार गिअरांच्या मोटारी घेऊन ती त्याच स्पर्धेत उतरली. त्या वर्षी तिच्या मोटारींनी स्पर्धा गाजवली. गंमत अशी, की सह्याद्री चढून गेलेली १९०८ ची मोटार चार गिअरांच्या पहिल्या पिढीतली होती.

पहिल्या महायुद्धानंतर स्पर्धा वाढली, आणि १९२८ ते १९३६ या काळात असे काही राजेशाही यंत्र निर्माण झाले, की त्यांची तुलना करताना आजही अभियंते रंगून जातात. रोल्स-रॉइसची फँटम दोन १९२९ साली आली. इंजिन पावणेआठ लिटरांच्या जवळपास, सहा सिलिंडर, झडपा वर पण त्यांना हलवणारे दांडे खालून येणारे. अश्वशक्ती किती, हे कंपनी सांगतच नसे. डब्ल्यू. ओ. बेंटली हे तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात शिकलेले. त्यांच्या १९३० च्या आठ लिटर मोटारीत सिलिंडरमागे चार झडपा होत्या, आणि वरचा कॅमशाफ्ट साखळीने किंवा दातेरी चाकांनी न फिरवता आगगाडीच्या इंजिनासारख्या जोडदांड्यांनी फिरवला होता. आवाज टाळण्यासाठी केलेली ही युक्ती मला फार आवडते. अवघ्या १०० मोटारी झाल्या. मंदीत कंपनी बुडाली आणि १९३१ साली रोल्स-रॉइसने ती पदरात घेतली. हिस्पानो-सुइझाचे मार्क बिर्किख्त यांनी १९३१ साली बारा सिलिंडरांचे, नऊ लिटरांहून मोठे इंजिन केले आणि त्याला गिअर दिले तीनच. एवढ्या ताकदीला चौथा कशाला, हा जुनाच विचार.

आणि ड्यूझेनबर्ग. इंदूरकरांच्या जिव्हाळ्याचा विषय असल्याने येथे जरा रेंगाळतो.

फ्रेड ड्यूझेनबर्ग हे मुळात शर्यतीच्या मोटारी करणारे. १९२८ च्या अखेरीस न्यूयॉर्कला त्यांची 'जे' मोटार प्रकट झाली तेव्हा तिची जाहीर केलेली शक्ती होती २६५ अश्वशक्ती. अमेरिकेतल्या इतर मोठ्या मोटारी तेव्हा शंभर-सव्वाशेच्या आसपास घुटमळत होत्या. एका रांगेत आठ सिलिंडर, एकूण सुमारे ६.९ लिटर, वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार म्हणजे एकंदर बत्तीस झडपा. झडपा जितक्या अधिक तितका श्वास मोकळा, आणि श्वास मोकळा तर फेऱ्या अधिक. हे इंजिन मिनिटाला ४,२०० फेऱ्यांवर आपली पूर्ण शक्ती देई. लांबलचक क्रँकशाफ्टची थरथर शोषून घेण्यासाठी त्यावर पारा भरलेल्या नळ्या बसवल्या होत्या. १९३२ साली सुपरचार्जर जोडलेली 'एसजे' आली, तिची शक्ती ३२० सांगितली जाई. त्याच वर्षी फ्रेड अपघातात जखमी होऊन वारले.

यशवंतराव होळकर दुसरे हे आधुनिकतेचे खरे रसिक. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी माणिकबाग उभारली, ती त्याच तीसच्या दशकाच्या आरंभी. त्याच दृष्टीने त्यांनी एसजेची लांब चौकट घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर नारिंगी-काळ्या रंगाची काया चढवली. ही मोटार पुढे अमेरिकेत परत गेली आणि आज तिथल्या प्रदर्शनांत तिच्या रंगावर लोक लुब्ध होतात. पण माझ्या मते तिची खरी कहाणी तिच्या विसंगतीत आहे. तिचा सुपरचार्जर केंद्रोत्सारी पद्धतीचा, म्हणजे इंजिन वेगाने फिरू लागल्यावरच हवा दाबणारा. माळव्याच्या सपाट पठारावर, मोकळ्या रस्त्यावर तिच्यापुढे कोण टिकणार! परंतु मानपूरच्या घाटासारख्या वळणावळणाच्या चढावर इंजिन मंद फिरते. तेथे सुपरचार्जर जवळपास निजलेला, आणि हाताशी गिअर तीनच. अशा ठिकाणी चार गिअरांची फँटम किंवा बेंटली अधिक सुखाची झाली असती, असे मला वाटते. कागदावरच्या अश्वशक्तीने तुलना करणाऱ्यांना हे पटणार नाही.

आता आबांच्या दुखण्याकडे. त्या काळी उतरता गिअर टाकायचा म्हणजे क्लच दाबायचा, दांडा मधोमध आणायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरने फेऱ्या नेमक्या वाढवायच्या, पुन्हा क्लच दाबून दांडा पुढे सारायचा. आणि हे सारे कानाने ओळखून, वळणावर, मागे दरबारी मंडळी बसलेली असताना. हे कौशल्य यंत्राने हळूहळू स्वतःकडे घेतले. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले, ज्यात दात भिडण्यापूर्वी दोन्ही चाकांची गती आपोआप जुळते. फँटम दोनला ते १९३२ मध्ये वरच्या दोन गिअरांपुरते मिळाले. १९३० साली इंग्लंडच्या डेमलर कंपनीने आणखी निराळी वाट काढली. क्लचच्या जागी तेलाने भरलेले, द्रवाच्या घुसळणीने शक्ती पुढे नेणारे चाक आणि त्याला विल्सन यांचा गिअरबॉक्स. पुढचा गिअर आधीच निवडून ठेवायचा आणि वेळ आली की केवळ पायाने दाबायचे. पुढे २००५ च्या बुगाटी वेरॉनमध्ये सोळा सिलिंडर, हजार अश्वशक्ती आणि दोन क्लचांचा सात गिअरांचा संच आला, तेव्हा एक गिअर चालू असताना दुसरा तयार ठेवण्याची ती कल्पनाच नव्या रूपात परतली.

२०१३ साली रोल्स-रॉइसने उपग्रहाच्या मदतीने पुढचा रस्ता ओळखून गिअर निवडणारी व्यवस्था आणली. चढ किंवा वळण येण्याआधीच गिअरबॉक्स सज्ज होतो. हे वाचले तेव्हा मला आबांचा डावा गुडघा आठवला. वर्षानुवर्षे क्लच दाबून तो कायमचा सुजला होता. घाटाच्या पायथ्याशी ते काय करीत, असे मी एकदा विचारले होते. "गाडी थांबवून खाली उतरायचो," ते म्हणाले, "रेडिएटर बघायचो, आणि पहिलं वळण पायी जाऊन पाहून यायचो."