जुन्या बुलेटला ‘ओव्हरसाइज’ पिस्टन

अंधेरी-घाटकोपरच्या वाहतूक कोंडीत अडकलेली जुनी बुलेट निळा धूर सोडू लागली, की मेकॅनिकचा पहिला संशय झिजलेल्या सिलिंडरवर जातो. रिंगांना न जुमानता वर चढलेले ऑइल जळत असल्याची ती खूण असते.

मद्रासमध्ये १९५५पासून तयार होऊ लागलेल्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिमी, पिस्टनची धाव ९० मिमी आणि क्षमता ३४६ सीसी. झिजलेले सिलिंडर बोअर करून त्यात पाव, अर्धा, पाऊण किंवा एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला जातो. पूर्ण एक मिलिमीटर वाढवूनही क्षमता जेमतेम १० सीसीने वाढते. त्यामुळे हा उपाय ताकदीसाठी नव्हे, तर इंजिनाच्या आयुष्यासाठी असतो.

यात क्रम महत्त्वाचा. आधी पिस्टन घ्यावा, तो मायक्रोमीटरने मोजावा आणि त्यानुसारच बोअरिंग व होनिंग करावे. तापल्यावर अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक प्रसरण पावतो. फट कमी राहिल्यास तो जाम होतो, जास्त राहिल्यास खडखडतो.

प्रत्येक बोअरगणिक धातू कमी होत असल्याने झीज निघेल एवढेच माप निवडावे. शेवटच्या मापानंतर नवी स्लीव्ह हाच मार्ग उरतो.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ नोंदणी होऊ शकते. मात्र इंजिनासह वाहन मूळ स्वरूपात असणे आवश्यक आहे. म्हणून मूळ सिलिंडर भंगारात देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.