हॅनकॉकचे लोणचे आणि जुना टायर

टाकाऊ वस्तूंच्या पुनर्वापराची चर्चा आपल्याकडे बहुधा पर्यावरणाच्या अंगाने होते. सरकारी बैठकांतून, टिपणांतून मीही ती वर्षानुवर्षे तशीच ऐकली आणि केली. परंतु रबराचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की या उद्योगाचा जन्म पर्यावरणाच्या काळजीतून झालेला नाही, तो महागाईच्या पोटी झाला आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कथा जिव्हाळ्याची वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

१८२० च्या सुमारास लंडनमध्ये टॉमस हॅनकॉक हातमोजे, पट्टे इत्यादींना लावण्यासाठी रबराच्या लवचिक पट्ट्या कापून विकत असे. कापताना तुकडे पुष्कळ उरत. माल परदेशातून येणारा, म्हणून ते फेकवत नसत. त्यांचा चुरा करावा या हेतूने त्याने दातेरी रुळाचे एक यंत्र बनवले. चुरा झाला नाही. घर्षणाने तापून तुकडे एकमेकांत मिसळले आणि एकजीव गोळा हाती आला. आधुनिक रबर उद्योगाचे हे आद्य यंत्र मुळात भंगार वाचवण्यासाठी जन्मले होते! स्पर्धकांना सुगावा लागू नये म्हणून त्याचे नाव ठेवले ‘पिकल’, म्हणजे लोणचे.

पुढे १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली. इंग्लंडमध्ये त्याच रीतीचे पेटंट १८४३ मध्ये घेतले ते याच हॅनकॉकने. गंधकामुळे रबराच्या रेणुसाखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. पदार्थ उन्हात चिकट होत नाही, थंडीत तडकत नाही. पण पुन्हा वितळतही नाही. कणीक कितीदाही मळता येते, भाजलेल्या पोळीची कणीक होत नाही, तसेच हे. बाटल्या-पिशव्यांचे प्लास्टिक निदान तापवून पुन्हा ओतता येते. टायरचे तसे नाही. ज्याने उरलेल्या तुकड्यांना पुनर्जन्म दिला, त्यानेच ती वाट अवघड केली, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

या पोळीची पुन्हा कणीक करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकभर चालले. १८५८ मध्ये हायरम हॉलने जुन्या रबराचा चुरा वाफेत शिजवण्याची पद्धत काढली. १८८० नंतर मिचेलने आम्लाने त्यातील कापडाचे धागे जाळले. १८९९ मध्ये आर्थर मार्क्सने कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, दाबाखाली तेच काम अधिक चांगले साधले. मोटारगाड्या वाढल्या, रबराची मागणी वाढली आणि १९१० मध्ये लंडनच्या बाजारात कच्च्या रबराचा भाव पौंडाला बारा शिलिंगांच्या वर गेला. ‘रीक्लेम’ रबराला सोन्याचे दिवस आले. नंतर मलायातील मळे भरभरून पिकू लागले. १९३२ पर्यंत तोच भाव काही पेनींवर उतरला. भंगाराचे मोल अर्थातच त्याच्या मागोमाग घसरले.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि दोस्त राष्ट्रांचा रबरपुरवठा जवळजवळ तुटला. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांना जुने रबर पेट्रोलपंपांवर आणून देण्याचे आवाहन केले. मोबदला पौंडाला एक सेंट. सुमारे साडेचार लाख टन माल जमला, पण त्यातला बराचसा झिजलेला व निकृष्ट होता. खरा प्रश्न सोडवला तो कृत्रिम रबराने. युद्धानंतर हेच कृत्रिम रबर स्वस्त झाले, पोलादी तारांचे रेडियल टायर आले, आणि पाश्चात्त्य देशांत रीक्लेमचा धंदा ओसरत गेला.

आता आपल्याकडे वळू. जुलै २०२२ च्या नियमांनी टायर उत्पादकांवर जुन्या टायरांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली: पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७० आणि २०२४-२५ पासून १०० टक्के. पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन हे दायित्व भागवता येते. जिथे भाव अपुरा, तिथे शासनाने कायद्याने भाव निर्माण केला, असा याचा अर्थ.

व्यवस्था तत्त्वतः योग्य आहे. माझी चिंता निराळी आहे. मागे उत्तरेतील एका शहराबाहेर मी टायर जाळून तेल काढणारी भट्टी पाहिली. काजळीने माखलेले मजूर उघड्या हातांनी कोळसा भरत होते. जवळच रबर दळण्याची चक्की बंद पडून होती. तेलाला गिऱ्हाईक रोज येते, भुकटीला येत नाही, असे मालकाने सरळ सांगितले. त्यात त्याचे चुकले असे मला म्हणवेना. प्रमाणपत्र दोघांनाही मिळू शकते. पण एकात पदार्थ वाचतो, दुसऱ्यात त्याचा बराचसा भाग इंधन म्हणून संपतो. नियमांत निरनिराळ्या उत्पादनांना निरनिराळा भारांक आहे खरा. तो भारांक चक्की चालवण्याइतका पुरेसा आहे का, आणि कागदावरचा टन भट्टीशी जाऊन कोण मोजतो, यावर सारे अवलंबून आहे.

आपल्यापैकी अनेकांनी गावाकडे टायरच्या तळाची वहाण घातली असेल. ती शिवणाऱ्याला कुणी अधिसूचना धाडली नव्हती. चामड्याहून टायर स्वस्त आणि टिकाऊ होता, इतकेच. असा हिशेब पुन्हा जुळवून देणे, हे आज प्रशासनाचे काम आहे.