कॅम्पर ट्रेलरची बॅटरी

कॅम्पर ट्रेलरची बॅटरी म्हणजे मोटारीमागे जोडून न्यावयाच्या फिरत्या निवाऱ्यातील दिवे, पाण्याचा पंप, पंखा, फ्रिज व वायुगळती-सूचक यांना वीज पुरविणारी, सामान्यतः १२ व्होल्टची व पुन्हा पुन्हा प्रभारित, म्हणजे चार्ज, करता येणारी घटमाला होय. असे ट्रेलर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका व कॅनडा या देशांत विशेष प्रचलित आहेत. मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करताना काही सेकंद प्रचंड प्रवाह देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. ट्रेलरची बॅटरी मात्र रात्रभर थोडा थोडा प्रवाह देत बरीचशी रिकामी होते. कामाच्या स्वरूपाने ती मोटारीच्या बॅटरीपेक्षा आपल्याकडील घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीला अधिक जवळची आहे.

अनेक ट्रेलरांत या बॅटरीकडे सुखसोयींपलीकडची एक जबाबदारी असते. जड ट्रेलरांना विजेवर चालणारे ब्रेक असतात. धावता ट्रेलर मोटारीपासून निसटला, तर मोटारीला बांधलेली दोरी एक खुंटी उपसून काढते व त्यासरशी ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. त्या क्षणी मोटारीचा वीजपुरवठा तुटलेला असतो; ब्रेक धरून ठेवणारा प्रवाह ट्रेलरवरील बॅटरीतूनच यावा लागतो. काही ट्रेलरांत यासाठी स्वतंत्र लहान बॅटरी असते, परंतु बऱ्याच अमेरिकी ट्रेलरांत हे काम मुख्य बॅटरीच करते. ऑस्ट्रेलियात चाकांवरील भार २ टनांहून अधिक असलेल्या ट्रेलरांना अशी यंत्रणा सक्तीची आहे. त्यामुळे बॅटरीचे निदान हा केवळ अंधारात बसावे लागू नये एवढ्यापुरता प्रश्न राहत नाही.

रचना व प्रकार

शिसे-आम्ल घटाचा शोध फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये लावला आणि ट्रेलरांत आजही तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट एकसर जोडलेले असतात व प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. धन पट्टिकेवर शिशाचे डायॉक्साइड, ऋण पट्टिकेवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये विरल गंधकाम्ल, अशी घटाची रचना असते. वीज काढली जाते तेव्हा दोन्ही पट्टिकांवर शिशाचे सल्फेट साचते व आम्ल पाण्यासारखे पातळ होत जाते. प्रभारणात ही क्रिया उलटते.

पाणी घालता येणारी द्रवयुक्त बॅटरी, काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली एजीएम बॅटरी आणि घट्ट लगदा भरलेली जेल बॅटरी हे तिचे तीन मुख्य प्रकार होत. यांच्या जोडीला आता लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली आहे. तिचे नियम वेगळे असल्याने तिचा विचार पुढे केला आहे.

धारकता अँपिअर-तासांत सांगतात. १०० अँपिअर-तास याचा रूढ अर्थ ५ अँपिअर प्रवाह २० तास, असा आहे. त्याच शिसे-आम्ल बॅटरीतून २५ अँपिअर काढल्यास ती ४ तास पुरत नाही, कारण प्रवाह वाढला की हाती येणारी धारकता घटते. वेष्टनावरील आकडा वाचणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

बिघाडाचे खरे कारण

बॅटरी 'मेली' की दोष तिच्या वयाला दिला जातो. प्रत्यक्षात बहुसंख्य बॅटऱ्या अपुऱ्या प्रभारणाने अकाली निकामी होतात. विसर्जनात पट्टिकांवर साचलेले सल्फेट आरंभी बारीक व मऊ असते आणि प्रभारणात सहज विरघळते. बॅटरी काही आठवडे अर्धवट रिकामी राहिली, तर त्याचे मोठे व कठीण स्फटिक बनतात आणि मग ते सहजासहजी परत फिरत नाहीत. यास सल्फेटीभवन म्हणतात. ट्रेलर वर्षातील बराच काळ उभाच असतो, त्यामुळे हा रोग त्याला विशेष जडतो.

उभ्या ट्रेलरमध्येही वीज खर्च होत असते. वायुगळती-सूचक किंवा रेडिओचे घड्याळ अशी उपकरणे मिळून सतत ०.१ अँपिअर प्रवाह घेत असतील, तर दिवसाला २.४ अँपिअर-तास खर्ची पडतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्मी रिकामी होते. शिवाय कोणतीही शिसे-आम्ल बॅटरी काही न जोडताही स्वतःहून हळूहळू विसर्जित होते व उष्ण हवेत हा वेग वाढतो.

निदान

पहिली पायरी डोळ्यांची. फुगलेली पेटी, तडा, ओलसर झाकण किंवा टर्मिनलांवरील पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड आढळते का, हे पाहावे. सैल किंवा गंजलेली जोडणी ही मृत बॅटरीची हुबेहूब नक्कल करते. नवी बॅटरी आणण्यापूर्वी जोडण्या घासून घट्ट करण्यात दहा मिनिटे जातात. ती वाचविण्यात शहाणपण नाही.

दुसरी पायरी विश्रांत दाबाची. प्रभारणानंतर लगेच घेतलेले माप फसवे असते, कारण पट्टिकांच्या पृष्ठभागावरील प्रभारामुळे दाब काही काळ उगाच वर राहतो. सर्व जोडण्या सोडवून बॅटरी काही तास, शक्यतो रात्रभर, तशीच ठेवावी आणि मग मल्टीमीटर लावावा. द्रवयुक्त बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट हे पूर्ण प्रभाराचे, १२.१ च्या आसपासचे माप निम्म्या प्रभाराचे आणि ११.८ किंवा त्याखालचे माप जवळजवळ रिकामेपणाचे लक्षण होय. एजीएम बॅटरीत हे आकडे किंचित वर असतात. निम्मा आणि पूर्ण यांत अर्ध्या व्होल्टचाच फरक असल्याने ट्रेलरमधील चार दिव्यांच्या दर्शकावर विसंबणे योग्य नव्हे. पूर्ण प्रभारणानंतरही दाब १०.५ व्होल्टच्या आसपास अडकत असेल, तर सहांपैकी एक घट आतून जुळून गेला असण्याची दाट शक्यता असते: २.१ गुणिले पाच. अशी बॅटरी दुरुस्त होत नाही.

द्रवयुक्त बॅटरीत हायड्रोमीटर हे मल्टीमीटरहून अधिक विश्वासू साधन आहे, कारण ते प्रत्येक घटाची वेगळी साक्ष देते. पूर्ण प्रभारित घटात द्रवाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६५ ते १.२८०, निम्म्यावर १.२०० च्या जवळ आणि रिकाम्या घटात सुमारे १.१२० असते. सर्वच घट सारखे खाली असतील, तर बॅटरी केवळ उपाशी आहे, तिला भरावे. एखादाच घट इतरांपेक्षा ०.०५० किंवा अधिक मागे असेल, तर दोष त्या घटात आहे. नुकतेच पाणी घातले असल्यास ते मिसळेपर्यंत माप घेऊ नये.

दाब उत्तम, तरी धारकता नाममात्र, असेही घडते. सल्फेटाने व्यापलेली बॅटरी चार्जरवर चटकन 'भरते', विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखविते आणि दोन दिवे लावताच कोसळते. तिची परीक्षा भार टाकूनच होते. पूर्ण प्रभारित बॅटरीवर धारकतेच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे १०० अँपिअर-तासांसाठी ५ अँपिअरचा, भार लावून दाब १०.५ व्होल्टपर्यंत उतरण्यास लागणारा वेळ मोजतात. २० तासांऐवजी ८ तासांतच ती तेथे पोहोचली, तर ४० टक्के धारकता उरली आहे, असे समजावे. ही परीक्षा बॅटरीला थकविते, म्हणून ती वारंवार करू नये व संपताच बॅटरी लगेच भरावी.

बॅटरी निर्दोष ठरली, तर शोध चार्जरकडे व तारांकडे वळवावा. चार्जर चालू असताना टर्मिनलांवर दाब १३ व्होल्टच्या वर चढत नसेल, तर बॅटरीपर्यंत प्रभारण पोहोचतच नसावे. मधला फ्यूज बहुधा प्रथम तपासण्याजोगा असतो. मात्र फार रिकाम्या बॅटरीचा दाब आरंभी हळू चढतो, हेही लक्षात ठेवावे.

प्रभारण व तारांची जाडी

प्रवासात ट्रेलरची बॅटरी मोटारीच्या आल्टरनेटरवरून भरली जाईल, हा समज अर्धाच खरा आहे. मोटारीच्या बॉनेटपासून ट्रेलरपर्यंतचे अंतर ८ मीटर धरल्यास जाऊन-येऊन १६ मीटर तार लागते. ६ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून २० अँपिअर प्रवाह जाताना वाटेतच सुमारे ०.९ व्होल्ट गळतात. आल्टरनेटरने दिलेले १४.२ व्होल्ट बॅटरीपाशी १३.३ होतात आणि बॅटरी तासन्‌तास प्रवास करूनही पूर्ण भरत नाही. १६ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हीच घट सुमारे ०.३५ व्होल्टवर येते. ऑस्ट्रेलियात '६ मिलिमीटर ऑटो' म्हणून विकली जाणारी तार येथे घात करते: तो आकडा आवरणासह तारेच्या व्यासाचा असतो, आतील तांब्याचा छेद साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपासच भरतो. अलीकडच्या मोटारींत इंधन वाचविण्यासाठी आल्टरनेटरचा दाब मुद्दाम कमी केला जातो. म्हणून ट्रेलरमध्येच दाब वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जर बसविण्याची पद्धत रूढ झाली आहे.

चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो: प्रथम पूर्ण प्रवाह, मग सुमारे १४.४ ते १४.८ व्होल्टवर स्थिर दाब आणि शेवटी १३.५ व्होल्टच्या आसपासचा राखणीचा दाब. जेल बॅटरीस यापेक्षा कमी दाब लागतो. द्रवयुक्त बॅटरीची मांडणी तिला लावल्यास लगद्यात बुडबुडे अडकून ती कायमची बिघडते.

देखभाल

द्रवयुक्त बॅटरीत केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे, आम्ल कधीही घालू नये. उडून जाते ते पाणी, आम्ल आतच असते. पाणी प्रभारणानंतर घालावे, कारण प्रभारणात पातळी वर येते. मात्र पट्टिका उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडण्यापुरते पाणी आधी घालणे इष्ट. टर्मिनलांवरील पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुता येते. ते पाणी घटात शिरू देऊ नये.

ट्रेलर उभा करताना बॅटरी पूर्ण भरून ऋण जोडणी सोडवावी आणि महिन्यातून एकदा दाब पाहावा. कॅनडासारख्या थंड प्रदेशात याला वेगळेच महत्त्व आहे. रिकाम्या बॅटरीतील द्रव उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठून पेटी फोडू शकतो; पूर्ण प्रभारित बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही. काँक्रीटच्या फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते, ही समजूत जुन्या लाकडी व रबरी पेट्यांच्या काळातील असून आजच्या प्लॅस्टिकच्या पेट्यांना लागू नाही.

निसटल्यास लागणाऱ्या ब्रेकची परीक्षा प्रवासापूर्वी करावी. मोटारीचा वीजजोड काढून, खुंटी उपसून ट्रेलर किंचित ओढला असता चाके अडली पाहिजेत. खुंटी लगेच परत बसवावी, अन्यथा तीच बॅटरी रिकामी करील.

लिथियम बॅटरी

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार घट असतात. ती वजनाने हलकी असून ८० टक्क्यांपर्यंत रिकामी करता येते. तिचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, म्हणून व्होल्टमीटरवरून तिचा प्रभार ओळखता येत नाही. आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजणारा शंट मापक लावावा लागतो. दाब एकाएकी शून्य दिसल्यास ती मृत समजण्याची घाई करू नये: आतील संरक्षक मंडलाने तिला तोडलेले असू शकते व योग्य चार्जर जोडताच ती पुन्हा जागी होते. शून्य अंशाखाली तिला प्रभारित करू नये, कारण ऋण अग्रावर धातुरूप लिथियम जमून कायमची हानी होते. साठवणीत ती पूर्ण भरलेली न ठेवता निम्म्याच्या आसपास ठेवणे बरे.

सुरक्षितता व विल्हेवाट

प्रभारणात निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो. त्यामुळे बॅटरीच्या कप्प्यास बाहेर उघडणारा झरोका आवश्यक असतो. सडक्या अंड्यांचा वास आल्यास बॅटरी अतिप्रभारित होत आहे, असे समजून चार्जर दुरूनच बंद करावा. सोडविताना ऋण जोड आधी, जोडताना शेवटी, हा क्रम पाळल्यास पान्हा मोटारीच्या सांगाड्याला लागून ठिणगी पडत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. भारतात निकामी बॅटरीची विल्हेवाट 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२' यांनुसार होते. शिसे व आम्ल असलेली जुनी बॅटरी घरगुती कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावी लागते.